मेंदू व वर्तन संशोधनासाठी धाराशिव जिल्ह्यात झेब्रा मासा केंद्र व्हावे : मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
मार्फत : मा. तहसीलदार, उमरगा
प्रत : मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर

महोदय,

मुरुम व परिसरातील प्राणीशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणले. त्याचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोड सापडते, हे स्पष्ट झाले.

मेंदूच्या अभ्यासात त्याचे मोल वेगळेच आहे. अंडी शरीराबाहेर फलित होतात आणि पिल्लू पारदर्शक असते. पाचव्या दिवसाच्या सुमारास ते स्वतः पोहून भक्ष्य टिपू लागते. त्या वेळी त्याच्या मेंदूत साधारण लाखभर चेतापेशी असतात आणि त्यांची हालचाल जिवंतपणी, काहीही न कापता सूक्ष्मदर्शकातून पाहता येते. मोठा मासा नव्या टाकीत सोडला की आधी तळाशी दडतो आणि भीती ओसरली की वर येतो. तळाशी घालवलेला वेळ मोजून चिंतेचा आणि चिंतेवरील औषधांच्या परिणामाचा अभ्यास होतो. त्यासाठी काचेची टाकी, कॅमेरा आणि चिकाटी एवढे पुरते.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या पिल्लांच्या अनुमस्तिष्कावर काम चालते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयाची झीज कशी भरून येते ते अभ्यासले जाते, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्या त्वचेची घडण. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मात्र हा मासा बहुधा पुस्तकातील चित्रातच भेटतो.

आमच्या भागाची निकडही आहे. सोयाबीन, तूर, ऊस या पिकांवर फवारणी होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके चेतापेशींचा निरोप वेळेवर थांबवणाऱ्या विकराला निकामी करतात. माशाच्या पिल्लाच्या पोहण्यात हा बिघाड लवकर दिसतो. माशात दिसले ते माणसात तसेच घडेल असे नाही. पण पुढे कशाची तपासणी करावी, हे त्यातून कळते.

म्हणून आमच्या मागण्या :

१. विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात सामायिक झेब्रा मासा केंद्र उभारावे. पाणी २८ अंशांच्या आसपास राहावे, १४ तास उजेड व १० तास अंधार मिळावा, यासाठी अखंड वीज आणि पाणीशुद्धीकरणाची सोय हवी. वीज गेली की टाकीतील हवा थांबते आणि मासे मरतात. म्हणून इन्व्हर्टर व जनित्र मंजुरीतच धरावे.

२. केंद्राची प्राणी-प्रयोग नियंत्रण समितीकडे नोंदणी करून तेथे प्राणी नैतिकता समिती नेमावी. लहान महाविद्यालयांचे संशोधन प्रस्ताव या केंद्रामार्फत तिच्यापुढे यावेत.

३. पदवीची प्रात्यक्षिके निरीक्षणापुरतीच ठेवावीत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार केवळ हाताला सराव व्हावा म्हणून प्रयोग करता येत नाहीत. पोहणे, शिकणे, थव्याने राहणे यांच्या नोंदींसाठी एकही मासा मारावा लागत नाही.

४. माशांचे हाल होऊ नयेत, अशी लेखी नियमावली करावी. हा थव्याने राहणारा मासा आहे. त्याला कारणाविना एकटा ठेवू नये. वेदना होईल अशा कामात भूल द्यावी, आणि कमी माशांत काम भागत असेल तर जास्त वापरू नयेत.

५. बेन्नीतुरा नदी आणि परिसरातील विहिरींच्या पाण्याचा पिल्लांच्या वर्तनावर होणारा परिणाम तपासण्याचा प्रकल्प कृषी विभागाच्या साहाय्याने मंजूर करावा. निष्कर्ष मराठीत ग्रामपंचायतींना द्यावेत.

६. शिक्षकांना पुणे-मुंबईच्या संस्थांत प्रशिक्षण आणि ग्रामीण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळावी. प्रयोगशाळा परिचरांनाही या प्रशिक्षणात घ्यावे, कारण माशांची रोजची निगा त्यांच्याच हाती असते.

मोठ्या शहरातच मोठे प्रश्न विचारले जावेत, असा नियम नाही. मेंदूविज्ञानाचे दार लहान गावातील मुलामुलींना उघडून देणारा, कमी खर्चात सांभाळता येणारा असा जीव दुसरा क्वचितच असेल. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत पहिल्या दोन मागण्यांवर लेखी निर्णय द्यावा आणि चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपले नम्र,
प्राणीशास्त्र शिक्षक व विद्यार्थी,
मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव