म्हातारपणाची काठी : मुलगा, मुलगी की सरकार?

लग्नाच्या मांडवात नवरी पाया पडायला वाकली की एखादी जुनी आत्याबाई अजूनही ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देऊन जाते. नवरी हसते, करवली हसते आणि आत्याबाईही हसतात. आठ राहू द्या, दोन झाली तरी पुष्कळ, हे तिघींनाही ठाऊक असते. आशीर्वाद जुना राहिला आणि संसार बदलला. पण आशीर्वादासारखाच आणखी एक समज आपण जुनाच ठेवला आहे. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी. आपल्या कन्नड नातेवाइकांकडे हीच काठी ‘ऊरुगोलु’ होते, अर्थ तोच. ही काठी आज नक्की कुणाच्या हातात आहे, याचा हिशेब या आठवड्यात मांडू या.

आधी पाळण्याचा हिशेब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली भारतात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २.० वर आला. कर्नाटकात तो १.७, महाराष्ट्रातही १.७ आणि शेजारच्या गोव्यात १.३. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने भरून काढायची तर सरासरी २.१ मुले लागतात. म्हणजे कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, घरोघरचे पाळणे सारखेच कमी झाले आहेत. भाषेच्या बाबतीत आपण कितीही वाद घालू, या बाबतीत दोन्ही राज्यांचे अगदी एकमत आहे!

आता पिकल्या केसांचा हिशेब. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. २०१६-२० या काळात ते ७० झाले. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते. कर्नाटकात हे प्रमाण ९.५, महाराष्ट्रात ९.९ आणि गोव्यात ११.२ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची लोकसंख्याविज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १४.९ कोटी ज्येष्ठ होते आणि २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील. म्हणजे दर पाच माणसांत एक. आज जे चाळिशीत आहेत, ते त्या वेळी त्या पाचातले एक असतील.

यात रडण्यासारखे काही नाही, हे आधी सांगायला हवे. मुले कमी झाली ती संस्कार बुडाले म्हणून नव्हे. १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२३ मध्ये हा आकडा २५ वर आला. जगतील याची खात्री वाटू लागली, मुली शिकल्या, आणि आईबापांनी मोजकी मुले नीट वाढवायचे ठरवले. या विचाराची बीजे दोन्ही भाषांच्या अंगणात पडली होती. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यासाठी नोकरी, टीका, खटले सारे सोसले. तिकडे म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी संततिनियमन दवाखाने सुरू केले. सरकारने स्वतः असे काम हाती घेण्याचे ते जगातले पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. जे मागितले ते मिळाले. फक्त त्याच्या पाठोपाठ काय येईल, याची तयारी आपण केली नाही.

काही पुढाऱ्यांनी यावर सोपा उपाय काढला आहे : मुले वाढवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी तसे उघड आवाहन केले आणि दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांना स्थानिक निवडणुका लढवण्याची बंदी त्यांच्या राज्याने उठवली. दक्षिणेची लोकसंख्या घटली तर लोकसभेतल्या जागाही घटतील, ही धास्ती त्यामागे आहे आणि ती अनाठायी नाही. पण घरातल्या म्हातारपणाला हा उपाय लागू पडत नाही. आज जन्मलेले मूल कमवायला लागेपर्यंत पंचवीस वर्षे जातील. आजचे साठीचे आजोबा त्या वेळी पंचाऐंशीचे असतील. शिवाय सरकारने सांगितले म्हणून मुले होत नाहीत. दक्षिण कोरियाने वर्षानुवर्षे पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तिथे एका स्त्रीमागे सरासरी मूल एकही नव्हते, आकडा ०.७२ होता. तेव्हा खरा प्रश्न पाळण्याचा नाही. जे आज म्हातारे आहेत, त्यांचे अंथरूण कोण बदलणार, हा आहे.

पूर्वी चार भावंडे असत. एक घरी राही, दुसरा पैसे धाडी, बहिणी बाळंतपणाला आणि दुखण्याखुपण्याला धावत. आता दोन भावंडे, त्यातला मुलगा बंगळूर-पुण्यात किंवा त्याहून लांब. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत पोरे गोव्याला गेलेली. मागे उरलेल्या आजोबांना आणि आजींना दवाखान्यात कोण नेते, हे आपापल्या गल्लीत मोजून पाहा. लग्न होऊन संकेश्वरला, गडहिंग्लजला किंवा त्याच गावात वरच्या आळीला दिलेली लेक बहुतेक ठिकाणी पुढे दिसेल. आपल्या दुभाषी घरांत तर तिची कसरत दुहेरी. सासरी अत्तेंचे गुडघे, माहेरी आईची साखर. दोन्हीकडची औषधे, दोन्हीकडचे डॉक्टर, दोन्ही भाषांतली बोलणी. काठी म्हणायचे तर आज ती लेकीच्या हातात आहे आणि सुनेच्याही. मुलगा वाईट आहे असे नव्हे. तो इथे नाही, एवढेच.

आणि इथेच एक गोष्ट बोलायला हवी, जी घरोघरी ठाऊक असून कुणी बोलत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क देण्यात आपली दोन्ही राज्ये देशाच्या पुढे होती. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती केली. देशभर तो हक्क २००५ साली आला. कायदा आला, पण त्याच्या जोडीला हक्कसोड पत्रही आले. ‘भावाशी संबंध राहू दे, माहेर तुटू नये,’ असे म्हणत बहीण सही करते. पुढे दहा-बारा वर्षांनी आईचा पाय मोडतो तेव्हा फोन तिलाच येतो. उताऱ्यावर तिचे नाव नसते, दवाखान्याच्या कागदावर मात्र असते. सेवा करणाऱ्या लेकीने हिस्सा मागितलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. पण सही घेताना ‘म्हातारपणी आईबाबांचे कोण पाहणार’ हा प्रश्नही त्याच बैठकीत निघाला पाहिजे.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात सर्वांवर सारखीच जबाबदारी टाकली आहे. निपुत्रिकांची मिळकत ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकावरही ती आहे. सून आणि जावई यांचा मात्र त्यात समावेश नाही. आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी या उपविभागांचे प्रांताधिकारी अशी प्रकरणे ऐकतात. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून देता येतो. घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिले आणि नंतर त्यांनी वाऱ्यावर सोडले, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. पण त्यासाठी सांभाळण्याची अट असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे लावावा असेही म्हटले. सामान्य माणसाने यातून एकच धडा घ्यावा. प्रेमाने द्या, पण ‘आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचे’ ही ओळ कागदावर लिहून घ्या. ती ओळ अविश्वासाची नाही, शहाणपणाची आहे.

कायद्याच्या मागे पैसा मात्र तेवढा उभा नाही. वृद्धांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात १९९५ साली केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. पुढे तो २०० झाला आणि ६० ते ७९ वयाच्या लोकांसाठी तिथेच थांबला. ऐंशीनंतर ५०० मिळतात. बाकीची भर राज्याने घालायची. कर्नाटकात पासष्टीनंतरच्या गरीब वृद्धांना संध्या सुरक्षा योजनेतून महिना १,२०० रुपये मिळतात. नाडकचेरीत अर्ज देऊन ते मिळवणाऱ्या अज्जींना विचारा, त्यात महिन्याच्या गोळ्या तरी येतात का. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेल्याच्या घरी पेन्शन आणि औषधाची सोय असते. जन्मभर शेतात खुरपणी केलेल्या किंवा विड्या वळलेल्या बाईचे म्हातारपण त्याच गल्लीत अगदी वेगळे जाते. आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांत बायकाच अधिक असतात.

त्यात आपल्याला सीमा आडवी येते. समजा, हुक्केरीच्या विधवा आईला कोल्हापूरच्या एकुलत्या लेकीने घरी नेले. रेशन तिथे मिळू शकते, कारण ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना आता सर्व राज्यांत आहे. पण संध्या सुरक्षा ही कर्नाटकच्या रहिवाशाची, आणि महाराष्ट्राची योजना मागायची तर तिथल्या वर्षानुवर्षांच्या रहिवासाचा दाखला हवा. त्या योजनेचे नावच पाहा : श्रावणबाळ! आईबापांना कावडीत घालून नेणारा मुलगा. आमची लेक आईला एसटीत बसवून नेते, तिच्या नावाची योजना अजून कुणी काढलेली नाही. बसचेही तेच. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना प्रवास मोफत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे मोफत आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. दोन्ही सवलती मुळात आपापल्या हद्दीतल्या प्रवासासाठी. नाती मात्र हद्द पाहून जुळलेली नाहीत. रेशनला जे जमले, ते निवृत्तिवेतनाला का जमू नये?

पैशाहून अवघड गोष्ट म्हणजे माणसांचे हात. जपानने हे फार आधी ओळखले. तिथेही सासू-सासऱ्यांची शुश्रूषा सुनेच्याच गळ्यात पडत असे. एप्रिल २००० पासून तिथे शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. पुढे गरज पडली की तपासणी होते आणि घरी मदतनीस, दिवसाचे केंद्र किंवा निवासाची सोय मिळते. खर्चाचा थोडा भाग आपला, बाकीचा विम्याचा. आपण जपान नाही, एवढा पैसाही नाही. पण आपल्याकडेही २०१०-११ पासून ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटा, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी, असे त्यात लिहिलेले आहे. आपल्या गावच्या केंद्रात तो वार कोणता, हे विचारायला काय हरकत आहे? वृद्धांना सांभाळणाऱ्या बायकांना चार महिन्यांचे प्रशिक्षण आणि ठरलेला पगार मिळाला, तर आजारी माणसाची सोय होईल आणि गावातच रोजगारही होईल.

सरकार करील तेव्हा करील. घरी करण्यासारख्या गोष्टी तोवर करू या. आईवडील हिंडते-फिरते आहेत तोवर सर्व भावंडांनी एकत्र बसावे, सून-जावयांसह. कोण वेळ देणार, कोण पैसे देणार, हे बोलून ठरवावे. जवळ राहणारी बहीण हात देत असेल, तर दूर राहणाऱ्या भावाने खर्च द्यावा आणि वर्षातून पंधरा दिवस येऊन तिला सुटी द्यावी. आईवडिलांना काय हवे, तेही विचारावे. त्यांची वाटणी आपण करतो, त्यांचे मत घेत नाही. अडचणीच्या वेळी १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत मदत क्रमांक आहे, तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, मराठीत आणि कन्नडमध्येही.

आणि मत मागायला कुणी दारात आले, तर त्याला पाळण्याविषयी विचारू नका. निवृत्तिवेतन सीमा कधी ओलांडणार, आरोग्य केंद्रात म्हाताऱ्यांचा वार कधी पाळला जाणार आणि काळजी घेणाऱ्या लेकी-सुनांच्या वाट्याला काय येणार, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर कुठल्याही भाषेत दिले तरी चालेल. आपल्या घरांत दोन्ही कळतात.