हँडल पोटात बसलं तर...

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की जळगाव काय नि धुळं काय, गल्लोगल्ली पोरांच्या सायकली सुरू! पडणं-धडपडणं चालायचंच. गुडघा फुटला तर हळद दाबून आपण मोकळ्या. पण हँडलचं टोक बेंबीच्या वर, फासळ्यांच्या खाली रुतलं असेल, तर हळदीवर भागत नाही.

तिथे जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं. मधुमेहामुळे त्याचं नाव घरोघरी ठाऊक झालं. पण अन्न पचवणारा रसही तेच तयार करतं, मोठ्या माणसात रोज लिटरभर तरी. समोरून दणका बसला की हा मऊ अवयव मागच्या कण्यावर चेंगरतो. चिरला तर रस बाहेर झिरपतो आणि आजूबाजूचं आपलंच मांस पचवू लागतो!

घाबरू नका, हे क्वचितच घडतं. पोटाला मुका मार बसलेल्या १०० जणांत फार तर दोघांना. मोठ्यांना बहुधा वाहनांच्या अपघातात (धुळ्याला तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते येऊन मिळतात), मुलांना मात्र बरेचदा सायकलच्या हँडलनं.

पंचाईत अशी की पोर उठून पुन्हा खेळायला लागतं. पोटावर नुसता गोल वळ. पहिल्या काही तासांत रक्ताची तपासणीसुद्धा ठीक येऊ शकते. मग दुसऱ्या दिवशी पोटातून पाठीत जाणारी कळ, उलट्या, ताप. अशा वेळी आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळतात, एरंडेल पाजतात. कृपा करून तसलं काही करू नका. खायला-प्यायला न देता थेट दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. आणि हँडल लागल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुलांना मात्र आधी न रागावता विचारायला हवं. सायकल दुसऱ्याची मागून आणलेली असली की पोरं पडल्याचं घरी सांगतच नाहीत, हे शाळेत मी नेहमी बघते.

सीटी स्कॅनमध्ये इजा बहुधा कळते. कधी तो पुन्हाही काढावा लागतो. स्वादुपिंडातली मुख्य नळी शाबूत असेल तर बहुतेक मुलं सलाईन नि विश्रांतीवर, ऑपरेशनशिवाय बरी होतात. नळी तुटली तर शस्त्रक्रिया लागू शकते. उशीर झाला तर पू होतो, काही आठवड्यांनी रस साचून गाठही होते.

आणि हो, हँडलची रबरी मूठ निघून नुसती लोखंडी नळी उघडी पडली असेल, तर आजच सायकलवाल्याकडून नवी बसवून घ्या.