बंगळूरचे वीजबिल : दोष मीटरचा की धोरणाचा?

जून 2023 मध्ये बंगळूर शहरातील घराघरांत विजेची बिले पोचली आणि मध्यमवर्गीय वस्त्यांपासून कामगारांच्या वठारांपर्यंत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : वापर पूर्वीइतकाच असताना रक्कम एवढी फुगली कशी? कोणी मीटरवर संशय घेतला, कोणी वाचन घेणाऱ्या कर्मचाऱ्यावर, तर कोणी घरातल्या मुलांना पंखे चालू ठेवल्याबद्दल दटावले. बेस्कॉमच्या कचेऱ्यांसमोर तक्रारदारांच्या रांगा लागल्या. उत्तर कर्नाटकातील व्यापारी व लघुउद्योजकांचा असंतोष तर इतका तीव्र होता की हुबळीच्या वाणिज्य मंडळाने 22 जून 2023 रोजी राज्यव्यापी बंद पुकारला.

ही बिले अनेकांनी कशीबशी भरली आणि नंतर आलेल्या मोफत विजेच्या योजनेच्या गदारोळात हा प्रश्न विस्मृतीत ढकलला गेला. परंतु त्या एका महिन्याच्या बिलात देशातील वीजधोरणाचे अवघे स्वरूप उघडे पडले होते. म्हणूनच त्या बिलाची चौकशी कोणी कशी करावयास हवी होती, आणि तिचा शेवट कोठे होतो, हे पाहणे आजही आवश्यक आहे.

चौकशीची पहिली पायरी

जादा बिल आलेल्या कोणत्याही कुटुंबाने प्रथम घरातील वापर तपासावा, हे योग्यच होय. चालू वाचनातून मागील वाचन वजा करावे व आलेली युनिटे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावीत. दोन किलोवॅटचा पाणी तापविण्याचा गीझर रोज अर्धा तास चालला तर दिवसाला एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस युनिटे जातात. पंचाहत्तर वॅटचा पंखा दिवसाचे दहा तास फिरला तर महिन्याला साधारण साडेबावीस युनिटे होतात. घरातील सर्व उपकरणे बंद केल्यावरही मीटर पुढे सरकत असेल, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कोणी परस्पर वीज घेत आहे, असे समजून तपास करावा. मीटर सदोष वाटल्यास त्याची चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

पण जून 2023 मध्ये ज्यांनी ही वजाबाकी केली, त्यांच्यापैकी असंख्यांना असे आढळले की युनिटे जवळजवळ तेवढीच आहेत. घरात चोर नव्हता, मीटरही ठीक होते. मग चौकशीची दुसरी पायरी सुरू होते, आणि ती घराच्या उंबऱ्याबाहेर नेते.

त्या बिलात चार गोष्टी एकत्र आल्या होत्या. वीजदर वाढला होता. तो मागील तारखेपासून लागू झाल्यामुळे थकबाकीचा फरक त्यात मिसळला होता. मंजूर भारावर आकारला जाणारा स्थिर आकार वाढला होता. शिवाय इंधन व वीजखरेदीच्या खर्चातील फरकाचा स्वतंत्र अधिभार बसला होता. या सर्वांच्या जोडीला कर्नाटकात वीज आकारावर नऊ टक्के कर आहे, म्हणजे आकार वाढला की करही आपोआप वाढतो. चार ओझी एकाच पोत्यात भरून एकाच दिवशी ग्राहकाच्या पाठीवर टाकली गेली. त्यातील कोणते ओझे कशाचे, हे सामान्य माणसाला उमगेल अशा रीतीने सांगण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

मतदान व मोजणी यांच्या मधला दिवस

दरवाढीचा घटनाक्रम विशेष बोलका आहे. कर्नाटक विधानसभेसाठी 10 मे 2023 रोजी मतदान झाले. 13 मे रोजी मतमोजणी व्हावयाची होती. राज्य वीज नियामक आयोगाने सरासरी प्रतियुनिट 70 पैशांच्या वाढीचा आदेश काढला तो 12 मे रोजी, आणि अंमल दिला 1 एप्रिलपासून. मतपेट्या बंद झाल्या होत्या व नवे सरकार अद्याप जन्मास यावयाचे होते. जाणाऱ्या सरकारला उत्तर द्यावे लागले नाही, आणि येणाऱ्याला 'निर्णय आमच्या काळातला नव्हे' असे म्हणण्याची सोय झाली. भाजप व काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परस्परांकडे बोट दाखविले. बिल मात्र जनतेने भरले.

आयोग स्वायत्त आहे, असे यावर उत्तर दिले जाते. परंतु स्वायत्तता म्हणजे नेमकी कोणापासून? मतदारापासून की वीज विकणाऱ्यांपासून? जो निर्णय लाखो कुटुंबांच्या महिन्याच्या खर्चाला हात घालतो, त्याची जबाबदारी घेणारा एकही लोकनियुक्त प्रतिनिधी नसावा, यालाच नियामक व्यवस्था असे गोंडस नाव देण्यात आले आहे.

टप्पे कोणासाठी मोडले?

तरीही 70 पैसे ही संख्या या कथेचा केवळ अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग दरपत्रकाच्या रचनेत दडलेला होता.

2022-23 मध्ये बंगळूरच्या घरगुती ग्राहकाला चार टप्प्यांनी आकारणी होती. पहिल्या 50 युनिटांना 4 रुपये 15 पैसे, 51 ते 100 पर्यंत 5 रुपये 60 पैसे, 101 ते 200 पर्यंत 7 रुपये 15 पैसे आणि त्यापुढे 8 रुपये 20 पैसे. तत्त्व साधे होते : जो कमी वापरतो त्याला स्वस्त, जो अधिक वापरतो त्याला महाग. मे 2023 च्या आदेशाने हे चार टप्पे मोडून दोनच ठेवले. 100 युनिटांपर्यंत 4 रुपये 75 पैसे. मात्र वापर त्यापुढे गेला, की पहिल्या युनिटापासून सर्व युनिटांना सरसकट 7 रुपये.

याचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. 100 युनिटे वापरणाऱ्याचा वीज आकार 475 रुपये. 101 युनिटे वापरणाऱ्याचा 707 रुपये. एका जादा युनिटाची किंमत 232 रुपये! उन्हाळ्यात एक रात्र पंखा अधिक चालला, घरी आजारी माणूस असल्याने दिवा जळत राहिला, एवढ्यावर कुटुंबाचे गणित कोलमडले.

पुढील आकडे याहूनही उद्बोधक आहेत. महिना 150 युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाचा वीज आकार जुन्या दराने 845 रुपये होत असे, तो नव्या दराने 1,050 झाला, म्हणजे 205 रुपयांची वाढ. उलट 500 युनिटे वापरणाऱ्या, वातानुकूलित घराचा आकार 3,662 रुपये 50 पैशांवरून 3,500 वर उतरला. साधारण 365 युनिटांच्या वर ज्यांचा वापर होता, त्यांचा वीज आकार या 'दरवाढीत' घटला. स्थिर आकार व अधिभार यांमुळे हे चित्र बिलाच्या एकूण रकमेत झाकले गेले, पण दिशा स्पष्ट होती. दोन खोल्यांत राहणाऱ्याकडून घ्यावयाचे आणि बंगल्यात राहणाऱ्याला सूट द्यावयाची, असे हे दरपत्रक होते.

1 एप्रिल 2024 पासून उरलेले दोन टप्पेही गेले व घरगुती वापरासाठी 5 रुपये 90 पैसे हा एकच दर आला. 'दरकपात' म्हणून त्याचे स्वागत झाले. त्या दराने 500 युनिटांच्या घराला 2022-23 च्या तुलनेत वीज आकारात 712 रुपये 50 पैसे वाचले. 100 युनिटांच्या घराला, सरकारी अनुदान नसेल तर, 102 रुपये 50 पैसे अधिक पडले. स्थिर आकारही चढत गेला. 2023 मध्ये प्रतिकिलोवॅट 110 रुपये, नंतर 120, आणि 2025-26 साठी 145. स्थिर आकार म्हणजे दिवा न लावताही द्यावयाचे पैसे. काटकसर करणाऱ्याला त्यातून सुटका नाही.

मोफत विजेची मर्यादा

यावर असे सांगितले जाईल की गरिबांची काळजी 'गृहज्योती' योजनेने घेतली आहे. जुलै 2023 च्या वापरापासून ही योजना लागू झाली. 2022-23 च्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून, 200 युनिटांच्या मर्यादेत, कुटुंबाला वीज मोफत देण्यात आली. या योजनेने लक्षावधी कुटुंबांना खराखुरा दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. महागाईने पिचलेल्या कष्टकऱ्याच्या हाती महिन्याला काहीशे रुपये राहणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पण दिलासा आणि हक्क यांत अंतर असते. वापर 200 च्या पुढे गेला की पूर्ण बिल भरावे लागते. नव्या घरात आलेल्या, मागील वापराची नोंद नसलेल्या भाडेकरूसाठी राज्याची 53 युनिटांची सरासरी धरून 58 युनिटांचीच मर्यादा ठरविण्यात आली. बंगळूर हे स्थलांतरित कामगारांचे शहर आहे. कंत्राट संपले की वस्ती बदलावी लागते. अशा माणसाच्या वाट्याला मोफत विजेचा सर्वांत लहान तुकडा येतो. जुन्या वठारांत चारपाच बिऱ्हाडे एकाच मीटरवर असतील, तर त्यांचा एकत्रित वापर एका कुटुंबाचा समजला जातो आणि घरमालक पोटमीटर लावून स्वतःच्या दराने वसुली करतो. या बिऱ्हाडांपर्यंत ना योजना पोचते, ना आयोगाचे दरपत्रक.

शिवाय मोफत विजेची किंमत सरकारी तिजोरीतून वीजकंपन्यांना मिळते. ती तिजोरी भरण्यात कष्टकऱ्याच्या अप्रत्यक्ष करांचा वाटा मोठा आहे. मूळ दर चढा ठेवावयाचा, टप्प्यांची न्याय्य रचना मोडावयाची आणि मग अनुदानाचा मुलामा द्यावयाचा, या मार्गाने उद्या अनुदान आटले तर गरिबाच्या हाती केवळ चढा दर उरेल.

मुळाशी काय आहे?

या धोरणाचा उगम बंगळूरमध्ये नाही. 1948 च्या कायद्याने उभी राहिलेली राज्य वीजमंडळे खेड्यापाड्यांत वीज नेणे हे आपले कर्तव्य समजत होती. 1999 मध्ये कर्नाटक वीजमंडळ मोडले गेले, नियामक आयोग आला, आणि 2002 मध्ये वितरणासाठी बेस्कॉमसारख्या कंपन्या झाल्या. मालकी सरकारचीच राहिली, पण व्यवहाराची भाषा कंपनीची झाली. 2003 च्या केंद्रीय वीज कायद्याने श्रीमंत ग्राहकाने गरीब ग्राहकाचा भार थोडा उचलण्याची पद्धत कमी करून अखेर संपविण्याचे ध्येय ठेवले. 2007 मध्ये 'संपविणे' हा शब्द कायद्यातून गाळावा लागला, परंतु कमी करण्याची दिशा कायम राहिली. चार टप्प्यांचे दोन व दोनांचा एक होणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

इंधन अधिभाराचेही असेच. 29 डिसेंबर 2022 च्या केंद्रीय नियमांनी वीजखरेदीचा वाढीव खर्च महिन्याच्या महिन्याला ग्राहकावर आपोआप टाकण्याची वाट मोकळी केली. त्याच सुमारास, युक्रेन युद्धानंतर जागतिक बाजारात कोळसा महागला असताना, केंद्र सरकार वीजकेंद्रांना परदेशी कोळसा मिसळण्यास सांगत होते. जानेवारी 2023 मध्ये हे प्रमाण सहा टक्के ठरविले गेले. कोळसा आयात करणाऱ्याचा नफा सुरक्षित राहिला आणि त्याचा भाव बंगळूरच्या स्वयंपाकघरात वसूल झाला.

महाराष्ट्रातील वाचकाला हा खेळ नवा वाटू नये. 1993 मध्ये एन्रॉनशी झालेल्या दाभोळ करारात वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे मोजण्याची अट होती. ती वीज इतकी महाग पडली की मे 2001 मध्ये महाराष्ट्राच्या वीजमंडळाने खरेदी थांबविली. दाभोळचा धडा असा होता की खासगी उत्पादकाला दिलेली हमी शेवटी सामान्य ग्राहकाच्या बिलावर छापली जाते. तो धडा राज्यकर्त्यांनी घेतला नाही.

2025 मध्ये आणखी एक भर पडली. वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन व उपदानाच्या निधीसाठी 1 एप्रिल 2025 पासून प्रतियुनिट 36 पैसे ग्राहकावर लादले गेले. निवृत्तिवेतन हा त्या कामगाराचा घामाने कमावलेला हक्क आहे. त्यावर आक्षेप घेण्याचे कारणच नाही. परंतु मंडळाच्या विभाजनाच्या वेळी जी जबाबदारी सरकारने पत्करली होती, ती ग्राहकाच्या गळ्यात अडकवून कामगार व ग्राहक यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा हा डाव ओळखला पाहिजे.

काय मागावे?

1902 मध्ये शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून वीज नेली गेली ती कोलारच्या सोन्याच्या खाणीत, ब्रिटिश कंपनीच्या नफ्यासाठी. बंगळूरचे रस्ते उजळण्यास 1905 उजाडावे लागले. वीज आधी कोणाला व कोणत्या भावाने, हा प्रश्न तेव्हापासूनच राजकीय आहे.

म्हणून चौकशी मीटरपाशी थांबता कामा नये. कमी वापराला कमी दर देणारे टप्पे पुन्हा आणावेत. मागील तारखेने दरवाढ करणे बंद व्हावे. थकबाकी, अधिभार व कर यांच्या रकमा बिलात वेगवेगळ्या व लोकांना कळेल अशा कन्नडमध्ये छापाव्यात. वठारातील प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर सवलतीने मिळावा. आयोगाच्या जाहीर सुनावण्या वस्त्यांपर्यंत आणाव्यात, आणि कामगार संघटना, महिला संघटना व भाडेकरूंनी तेथे आपला हिशोब घेऊन उभे राहावे. उद्योगपतींचे वकील अशा सुनावणीला कधी गैरहजर राहत नाहीत.

बिलाचा कागद हातात घेऊन वजाबाकी करणारी गृहिणी अर्थकारणाच्या गाभ्याशीच पोचलेली असते. तिच्या शेजारणीने, आणि तिच्या शेजारणीने, तीच वजाबाकी एकत्र बसून केली, तर दरपत्रक बदलण्याची ताकद त्यातूनच उभी राहील.