जुन्या मोटारींच्या विक्रीतील लपवाछपवीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
कोल्हापूर

विषय : जुन्या गाडीचे इंजिन निकामी झाल्यावर विक्रेते हात वर करतात, त्याची ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम १६ खाली चौकशी होणेबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे अर्जदार कोल्हापूर जिल्ह्याचे रहिवासी आहोत. आम्ही गाडीबाजारातून जुनी चारचाकी घेतली आणि थोड्याच दिवसांत इंजिनकाम निघाले. जुनी गाडी म्हटली की कुरकुर आलीच. क्लच प्लेट गेली किंवा बॅटरी बसली म्हणून आम्ही आपल्याकडे आलेलो नाही. लाखभर किलोमीटर पळालेले इंजिन वयाने थकले तर तोही विक्रेत्याचा गुन्हा नव्हे. आमची तक्रार आहे ती ठाऊक असलेला बिघाड झाकून गाडी गळ्यात मारण्याची.

एका अर्जदाराला टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी दिली ती शहरातच दोन चौक फिरवून आणण्यापुरती. पुढे महामार्गावर, किणी टोलनाक्याच्या अलीकडे, तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मेकॅनिकने हेड उतरवले तर गॅस्केट फुटलेले, ऑइल चहासारखे दुधाळ आणि रेडिएटरच्या तळाशी गळती बुजवायच्या पावडरीचा गाळ. ती पावडर आपोआप आत जात नाही. विक्रेता म्हणाला, “गाडी बघूनच घेतलीत ना? डिलिव्हरी नोटवर सही तुमचीच आहे.” त्या नोटेवर बारीक अक्षरांत ‘गाडी जशी आहे तशी, इंजिनची जबाबदारी नाही’ असे छापलेले. बिल मागितले तर उत्तर आले, “आम्ही फक्त मध्यस्थ. व्यवहार तुमचा आणि मूळ मालकाचा.”

‘जशी आहे तशी’ या ओळीने ठाऊक असलेला दोष मुद्दाम लपवण्याची मुभा मिळत नाही; करार कायद्याच्या कलम १७ मध्ये ती फसवणूकच ठरते. गाडी बघून घेतली या बोलण्यालाही मर्यादा आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता तेवढाच दोष त्याच्या माथी येतो. सिलिंडर हेडच्या आत काय चालले आहे, हे दोन चौकांच्या फेरीत कुणाला दिसणार?

मध्यस्थ असल्याची सबब तर आता अजिबात चालू नये. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र लागते. मालकाने गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये द्यायची आणि त्यानंतर व्यापारी हाच मालक मानला जायचा, अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात मूळ मालकाच्या कोऱ्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० ड्रॉवरमध्ये पडून असतात, आणि गाडी परस्पर तिसऱ्याच्या नावावर चढते. मधला माणूस कागदावर कुठेच नसतो.

आमचे मूळ दुखणे हेच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण आयोगापुढे कुणाला उभे करायचे, हेच कागदावरून सिद्ध होत नाही. शिवाय गॅरेजवाल्याने इंजिन उघडून जुने भाग भंगारात टाकले, की पुरावाही गेला.

यात महापुराची भर आहे. २०१९ आणि २०२१ साली या जिल्ह्यात काय झाले, ते आपल्या कार्यालयाला आम्ही सांगायला नको. विम्याने ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी लिलावातून डागडुजी होऊन बाजारात येऊ शकते, आणि आरसीवर त्याची खूण नसते. सीटखालचा गाळ धुता येतो, पण इंजिनात गेलेल्या पाण्याचा हिशेब नव्या मालकाला द्यावा लागतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम १६ खाली आपण या प्रकारांची एकत्रित चौकशी करावी आणि अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवावा. एकेकट्याने आयोगाची पायरी चढून ही पद्धत मोडणार नाही.

२. अधिकारपत्र असलेल्या व्यापाऱ्यांची यादी प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या फलकावर लावावी. अधिकारपत्राविना चालणाऱ्या गाडीबाजारांवर कारवाई व्हावी.

३. प्रत्येक विक्रीसोबत व्यापाऱ्याच्या सही-शिक्क्याचे बिल आणि एक लेखी पत्रक सक्तीचे व्हावे. त्यात मीटरचे रीडिंग, सर्व्हिस नोंदी, अपघात, पूर, विमा दावा आणि इंजिन उघडले असल्यास त्याचे कारण असावे. मीटर मागे फिरवता येते, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधील जुनी नोंद फिरवणे तितके सोपे नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी हवेत.

४. इंजिन उघडण्याआधी तटस्थ तपासणी करून घेता यावी, यासाठी शासकीय तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मोटार विभागांचे तज्ज्ञ नेमावेत. त्यांचा फोटोंसह पंचनामा वाजवी शुल्कात मिळावा. आम्हाला यातली ही मागणी सर्वांत तातडीची वाटते, कारण आमच्यापैकी काहींच्या गाड्या आजही गॅरेजमध्ये झाकून उभ्या आहेत.

व्यापाऱ्यांची बाजूही ऐकली जावी, यासाठी त्यांचे प्रतिनिधी, परिवहन अधिकारी आणि आम्ही अशी बैठक आपल्या दालनात लवकर बोलवावी, ही विनंती. डिलिव्हरी नोटा, दुरुस्तीची अंदाजपत्रके आणि उतरवलेल्या भागांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपले विश्वासू,
(अर्जदारांच्या सह्या)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
प्रादेशिक परिवहन अधिकारी, कोल्हापूर