‘नैसर्गिक’ म्हणजे नेमके काय?



माया लोकांनी विणलेल्या कापडातून शिवलेल्या बाळकपड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ग्वातेमालातले हे कापड ‘पूर्णतः नैसर्गिक’ असते, हे विधान चुकीचे आहे. तिथे गिरणीचे, रासायनिक रंगाचे सूत सर्रास वापरतात. सान हुआन ला लागुना गावात वनस्पतींचे रंग वापरतात, हे मान्य. पण एका गावावरून देशाचे माप काढू नये.

‘जुन्या कापडाचा सदुपयोग’ हेही अर्धसत्य. ते कापड पुष्कळदा कुणाची तरी उइपिल, म्हणजे अंगातले पोलके असते. मागाचे एक टोक झाडाला, दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून ते विणायला महिनोन् महिने जातात; नड आली की ते विकावे लागते. जुन्या लुगड्याची गोधडी आपणही शिवतो, पण घरच्यासाठी!

आणि मुख्य गोष्ट लेखात नाहीच. २०१६ मध्ये माया विणकर स्त्रियांनी आपल्या नक्षीवर सामूहिक हक्क मागत घटनात्मक न्यायालय गाठले. २०१७ मध्ये न्यायालयाने संसदेला कायदा करण्यास सांगितले.

‘फेअर ट्रेड’चे लेबल पाहून झबले घेणाऱ्यांनी विणणारीला त्यातले किती मिळाले, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे.

– एक वाचक, सोलापूर