माजी झाल्यावर तरी बोला, ताई!

आपल्या लोह्यात निवडणुकीच्या सभेला बायकांना पुढे बसवतात, पण प्रश्न विचारायची सोय नसते. पाच वर्षे सभागृहात बसलेल्या माणसाने तिथे खरं काय घडलं ते निवांत सांगावं, असा कार्यक्रम मी इथे एकदाही पाहिला नाही.

पाहिला तो अमेरिकेत, मुलीकडे गेले असताना. तिथे 1976 पासून एक उपक्रम चालतो. परस्परविरोधी पक्षांचे दोन माजी खासदार जोडीने कॉलेजात जातात आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. मी ऐकल्या त्या दोघी बाया होत्या. गर्भपाताच्या हक्कावर दोघींचे टोकाचे मतभेद. ते त्यांनी लपवले नाहीत. पण निवडणुकीचा पैसा गोळा करण्यात किती दिवस जातात, पुढारी कसे दाबतात, बैठकीत बाईचं बोलणं कसं मध्येच तोडतात, हे दोघींनी सारखंच सांगितलं.

आपल्याकडे विरोधक एकत्र येत नाहीत असं नाही. लोह्याचे आमदार राहिलेले प्रताप पाटील चिखलीकर आणि अशोक चव्हाण 2019 साली नांदेड लोकसभेला समोरासमोर लढले; 2024 च्या लोकसभेला दोघे एकाच पक्षात होते. पण पक्ष बदलणं म्हणजे मन मोकळं करणं नव्हे.

यामागे कायदाही आहे. 1985 च्या पक्षांतरबंदीमुळे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत तसं नाही. म्हणजे आपल्या खासदारबाईला सभागृहात मन मारूनच मत द्यावं लागतं. म्हणून तर माजी झाल्यावरचं तिचं बोलणं मोलाचं!

2004 ते 2009 या काळात लातूरच्या खासदार भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर होत्या आणि हिंगोलीच्या राष्ट्रवादीच्या सूर्यकांता पाटील. एक विरोधात, एक सत्तेत. महिला आरक्षणाचं विधेयक 1996 साली आलं. 2010 मध्ये राज्यसभेत मंजूर होऊनही लोकसभेत अडलं. 2023 साली कायदा झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेच्या अटीसह. ही 27 वर्षे कुणी खाल्ली? पक्षाच्या बैठकीत बायका काय बोलल्या, त्यांना काय ऐकवलं गेलं? अशा दोन माजी खासदार एका मंचावर बसून हे सांगतील, तर ते आपल्या चळवळीच्या कामाचं ठरेल.

सुरुवात मात्र गावापासून करू या. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावोगावी माजी सरपंचबाया आहेत, एकमेकींविरुद्धच्या पॅनलमधून निवडून आलेल्या. दोघींना एकत्र बोलवा. नवऱ्यांना बाहेर बसवा. सही कुणी केली, शिक्का कुणाच्या खिशात होता, ग्रामसभेत बोलू कुणी दिलं नाही, हे विचारा. भांडण लावायला नव्हे. पुढच्या बाईला तेच पुन्हा सोसावं लागू नये म्हणून.