प्रोफेसर कोल यांचे रविवार

वीकेण्डला तुम्ही काय करता? झोप, सिनेमा, फार तर बॉसच्या मेलकडे दुर्लक्ष. फ्रँक नेल्सन कोल नावाचे एक अमेरिकन प्रोफेसर मात्र रविवारी एका आकड्याच्या मागे लागायचे.

आकडा असा: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १. मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्रीबुवांनी १६४४ साली सांगून टाकलं होतं, की ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका या गणितज्ञाने दाखवलं, की भाग जातो. पण कशाने? ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे चोरी झालीय हे सिद्ध, चोर फरार!

३१ ऑक्टोबर १९०३. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. कोल फळ्यापाशी गेले आणि २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग बाजूला लिहिलं, १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. शांतपणे गुणाकार केला. उत्तर तेच! एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असं सांगतात. किती वेळ लागला, या प्रश्नावर त्यांचं उत्तर म्हणे, 'तीन वर्षांचे रविवार.'

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? तर बॉस, तपासायला काही मिनिटं आणि शोधायला तीन वर्षं, या फरकावरच तुमचं ऑनलाइन बँकिंग उभं राहिलं. १९७७ मध्ये आलेल्या 'आरएसए' कुलपात दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो, त्या दोन संख्या मात्र गुपित. त्याच वर्षी आव्हान म्हणून दिलेला १२९ अंकी आकडा १९९४ मध्ये सुमारे ६०० जणांनी कॉम्प्युटर्स जोडून फोडला. म्हणून आता ६१७ अंकी आकडे वापरतात.

आणि खरी गोम इथेच आहे. हे कुलूप फुटूच शकत नाही, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. अजून कुणाला जमलेलं नाही, इतकंच! मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर जमेल, म्हणून नवी कुलपं बनवणं सुरूही झालंय.

तोवर एक करा. पासवर्ड म्हणून स्वतःची जन्मतारीख ठेवू नका. ती फोडायला कुणाला तीन वर्षांचे रविवार लागत नाहीत.